सॉर्टिंगचे क्रेट: घडीचे घ्यावेत, मोठे होणारे घ्यावेत की साधे?

मानकोली, काल्हेर, राहनाळ, दापोडे, पूर्णा या भिवंडीच्या पट्ट्यात गाळा घेऊन ऑनलाइन विक्रीचा माल सांभाळणारे छोटे व्यापारी आता पुष्कळ आहेत. गाळा घेताना भाड्यावरून घासाघीस होते, रॅकसाठी दोन-तीन ठिकाणची कोटेशनं मागवली जातात, स्कॅनर पारखून घेतला जातो. ज्यात ऑर्डरी वेगळ्या करायच्या ते क्रेट मात्र फोनवरच ‘दोनशे पाठवून द्या’ म्हणून मागवले जातात. दिवाळीत ते पुरत नाहीत आणि दिवाळी सरली की रिकाम्या क्रेटच्या थप्प्या येण्याजाण्याची वाट अडवतात. अशा वेळी घडीचे क्रेट घ्या, लागेल तसे मोठे होणारे घ्या, असा सल्ला मिळतो. तो काही जागी पैसे वाचवतो, काही जागी बुडवतो. फरक कुठे पडतो, ते आकड्यांत मांडतो.

पुढचे सगळे भाव जीएसटी सोडून आणि अंदाजे आहेत. प्लास्टिकच्या दाण्याचा आणि क्राफ्ट कागदाचा भाव हलला की तेही हलतात, त्यामुळे तुमचं कोटेशन याच्या थोडं वरखाली येईल.

काय मिळतं आणि केवढ्याला

गोदामात सर्वांत जास्त चालतो तो 600×400 मिलिमीटर तळाचा क्रेट. 300 मिलिमीटर उंचीचा, ताठ बाजूंचा, न दुमडणारा साधा क्रेट 450 ते 700 रुपयांत मिळतो. बाहेरून त्याच मापाचा, पण उतरत्या बाजूंमुळे रिकामा असताना एकात एक बसणारा क्रेट 550 ते 850 रुपयांना पडतो. एका बाजूने धरला की थप्पी लागते आणि उलटा फिरवला की आत बसतो, अशी त्याची रचना असते. घडीचा क्रेट 800 ते 1,400 रुपये. त्याच्या चारही बाजू आत पडतात आणि 300 मिलिमीटरचा क्रेट साधारण 80 मिलिमीटरवर येतो.

सनपॅक म्हणून जी पन्हळी प्लास्टिक शीट ओळखली जाते, तिचा त्याच मापाचा खोका 250 ते 450 रुपयांत बनवून मिळतो. तो हलका असतो, हव्या त्या मापात होतो आणि सपाट करून ठेवता येतो. मात्र कोपऱ्यांना पट्टी आणि तोंडाला तार नसेल तर तो लवकर वाकतो. पाच प्लायचा पुठ्ठ्याचा खोका 60 ते 90 रुपये. लोखंडी पाइपच्या स्टँडला अडकवलेली विणीव पिशवी, कुरिअरवाले वापरतात तशी, स्टँडसकट 700 ते 1,100 रुपये. पॅलेटवर एकावर एक चढवत जायची बिजागरीची लाकडी चौकट साधारण 200 मिलिमीटर उंच असते आणि नगाला 900 ते 1,400 रुपये पडतात. चौकट घेताना माप नीट सांगा. युरोपात 1200×800 चं पॅलेट चालतं, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी 1200×1000 चं.

भाव नगावर ऐकू नका, किलोवर काढा. नमुन्याचा क्रेट काट्यावर ठेवा आणि किमतीला वजनाने भागा. चांगल्या दाण्याचा साधा क्रेट किलोला 200 ते 250 रुपयांच्या आसपास येतो. 2.2 किलोचा क्रेट 220 रुपये किलोने 484 रुपयांचा झाला. दुसरा विक्रेता दिसायला तोच क्रेट 380 ला देत असेल, तर त्यालाही काटा दाखवा. वजन 1.7 किलो भरलं, तर त्याने भिंत पातळ केली आहे. वजन तेवढंच भरलं, तर दाणा बहुधा पुनर्वापराचा आहे. पुनर्वापराचा दाणा वाईटच असतो असं नाही, पण तो नव्या (व्हर्जिन) दाण्याच्या भावाने घेऊ नये. काळा किंवा गडद रंग आणि जळकट वास या त्याच्या खुणा.

पुठ्ठ्यालाही हाच हिशेब लागतो. 60×40×30 सेंटिमीटरच्या नेहमीच्या खोक्याला जोडपट्टी धरून सुमारे 204×70 सेंटिमीटर, म्हणजे 1.43 चौरस मीटर पुठ्ठा लागतो. पाच प्लायचा पुठ्ठा चौरस मीटरला पाऊण किलोच्या वर असतो, म्हणजे खोका साधारण 1.1 किलोचा झाला. किलोला 60 ते 70 रुपये धरले तर 66 ते 77 रुपये. कोणी तो 45 ला देत असेल, तर कागदाचं जीएसएम (चौरस मीटरचं वजन) आणि बीएफ (फुटण्याविरुद्धची ताकद) लेखी मागा.

घडीच्या क्रेटचं गणित

घडीचा क्रेट जागा वाचवतो हे खरं, पण केवढ्या रुपयांची? 180 क्रेट घेऊ. साधे क्रेट सहा-सहाच्या थप्पीत, म्हणजे 1.8 मीटर उंचीपर्यंत ठेवले तर 30 थप्प्या होतात आणि 7.2 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 78 चौरस फूट जागा जाते. घडीचे क्रेट त्याच उंचीत 22 बसतात, म्हणजे नऊ थप्प्या आणि 23 चौरस फूट. फरक 55 चौरस फुटांचा. भाडं महिन्याला चौरस फुटाला 20 रुपये धरलं, तर वाचले 1,100 रुपये आणि वर्षाला 13,000 च्या आसपास. साधा क्रेट 550 ला आणि घडीचा 1,050 ला मिळाला असं धरलं, तर 180 नगांचे जादा 90,000 रुपये गेले. ते भाड्यातून वसूल व्हायला सात वर्षं लागतील, आणि तीही क्रेट बाराही महिने रिकामे पडून राहिले तर. तोपर्यंत निम्म्या क्रेटच्या बिजागऱ्या गेलेल्या असतील.

एकात एक बसणारा क्रेट याच जागेत कुठे बसतो, तेही पाहा. आत बसलेल्या प्रत्येक क्रेटमागे थप्पी साधारण 10 सेंटिमीटर वाढते. 1.8 मीटरमध्ये 16 क्रेट मावतात, म्हणजे 12 थप्प्या आणि 31 चौरस फूट. घडीच्या क्रेटपेक्षा फक्त आठ चौरस फूट जास्त, किंमत मात्र कितीतरी कमी, आणि मोडायला बिजागरीच नाही. उतरत्या बाजूंमुळे आतली जागा थोडी कमी मिळते, एवढंच. एकाच गाळ्यात फिरणाऱ्या क्रेटसाठी माझं मत याच क्रेटला आहे.

क्रेट रिकामा प्रवास करू लागला की चित्र उलटतं. समजा, तुमचा माल भिवंडीहून चाकणला क्रेटमधून जातो आणि दर आठवड्याला 180 रिकामे क्रेट परत आणायचे असतात. चौदा फुटी गाडीत तळावर 30 थप्प्या लागतात आणि सहाच्या उंचीने साधे 180 क्रेट भरले की गाडी भरली. परतीच्या फेरीचे 8,000 रुपये धरू. घडीच्या क्रेटच्या नऊच थप्प्या होतात, म्हणजे गाडीचा तिसऱ्या हिश्शाहून कमी भाग. उरलेल्या जागेत दुसरा माल आला किंवा गाडी वाटून घेतली, तर तुमच्या वाट्याला 2,700 च्या आसपास येतील. आठवड्याला 5,300 रुपये वाचले, की जादाचे 90,000 चार महिन्यांत फिटतात. मात्र तुमची गाडी नाहीतरी रिकामीच परतत असेल, तर ही बचत शून्य. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हे वाक्य सापडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सॉर्टिंगला लागतं काय

संध्याकाळी पाचच्या सुमाराला कुरिअरची गाडी यायच्या आधी गाळ्यात एक तासभर जे चालतं, ते जवळून पाहिल्याशिवाय क्रेट निवडू नयेत. टेबलाशी उभा मुलगा पाकीट स्कॅन करतो, पडद्यावर कप्प्याचा नंबर येतो, तो हात लांब करून पाकीट टाकतो. त्याचे डोळे क्रेटवर नसतात, क्रेटवरच्या लेबलवर असतात. बऱ्याच घडीच्या क्रेटमध्ये नेमकी हीच सोय नसते. पुढची बाजू जाळीची असते, लेबल चिकटत नाही, चिकटलं तर घडी करताना फाटतं. लेबलाला सपाट जागा किंवा सरकपट्टी आहे का, हे भावाच्या आधी पाहा.

दुसरी अडचण कप्पे असमान भरण्याची. पिनकोडने वेगळं करणारे ही रोज अनुभवतात. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली पिनकोडची पद्धत डाक खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली, आणि ती आखतानाच वर्गवारीचा विचार केलेला आहे. पहिले तीन आकडे वर्गवारीचा जिल्हा सांगतात. 400 मुंबई, 411 पुणे, 421 मध्ये कल्याण-भिवंडी. पहिली फोड या तीन आकड्यांवर करायची ठरवली, तर 400 चा कप्पा तासाभरात ओसंडतो आणि लांबच्या एखाद्या जिल्ह्याच्या कप्प्यात दोनच पाकिटं पडलेली असतात. सगळे कप्पे सारखे घेतले, तर अर्धी जागा वाया जाते आणि अर्धा माल जमिनीवर येतो.

कप्पा मोठा व्हावा असं वाटतं ते इथेच. पण एकच क्रेट ताणून मोठा करण्यापेक्षा क्रेटची संख्या वाढवता येईल अशी मापं घेणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं. 600×400 च्या जागेत 400×300 चे दोन किंवा 300×200 चे चार क्रेट नेमके बसतात. 1200×1000 च्या पॅलेटवर 600×400 चे पाच बसतात, दोन आडवे आणि तीन उभे, फट न राहता. तेव्हा रॅकचा खण 600×400 च्या पटीत ठेवा. कमी मालाच्या कोडला छोटा क्रेट द्या, मुंबईसारख्याला मोठा. हंगामात छोटे उचलून तिथे मोठे ठेवले की कप्पा वाढला. सगळे क्रेट एकाच कारखान्याचे घ्या. कागदावर माप सारखं असलं, तरी दोन कारखान्यांच्या क्रेटच्या कडा एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि न बसलेली थप्पी सरकते.

उंची वाढवून मोठे होणारे प्रकार हलक्या मालालाच लावा. 72 लिटरच्या क्रेटमध्ये टीशर्ट गच्च भरले, तर वजन 15 ते 20 किलोवर जातं. त्यावर चौकट चढवून उंची दुप्पट केली की तेच 30-40 किलो होतं. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेच्या सूत्रात, सगळी स्थिती अनुकूल असतानाही हाताने उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलो धरली आहे. भिवंडीच्या पत्र्याखाली मे महिन्यात स्थिती अनुकूल नसते. कंबर उचलणाऱ्याची जाते आणि त्याची किंमत कोटेशनमध्ये कुठे दिसत नाही. उशा, फरची खेळणी, रिकाम्या बाटल्या यांना उंच होणारा कप्पा चालेल. पुस्तकं, डबे, हार्डवेअर यांना नाही. त्यांच्यासाठी क्रेट मुद्दाम उथळ घ्यावा, म्हणजे जास्त भरायचा मोहच होणार नाही.

पुठ्ठ्यात एक चांगली सोय आहे, तिचा आपल्याकडे फार कमी वापर होतो. एकाच खोक्यावर 30, 25, 20 आणि 15 सेंटिमीटर उंचीला मोडीच्या रेघा पाडून घ्यायच्या. माल कमी असला की कोपरे कापून खालच्या रेघेवर दुमडायचं. नगामागे दोन-चार रुपयेच वाढतात. एकावर एक सरकणारा दोन भागांचा खोका खऱ्या अर्थाने लांबतो, पण त्याला पुठ्ठा जवळजवळ दुप्पट लागतो. पुठ्ठा कुठलाही असो, पावसाळ्याचा विचार करूनच घ्या. कोरड्या हवेत खोका जेवढा भार पेलतो, त्याच्या निम्म्यावर तो जुलैच्या दमट हवेत येतो. थप्पी कमी उंचीची लावा आणि जमिनीपासून वर, पॅलेटवर ठेवा.

स्वतःचा क्रेट बनवून घ्यायचा असेल तर

आपल्या मालाच्या मापाचा क्रेट बनवून घ्यावा असं पुष्कळांना वाटतं. प्लास्टिकच्या क्रेटची डाय वसई, भोसरी, राजकोट इथे होते. या आकाराच्या एका डायला दहा लाखांच्या खाली क्वचितच जमतं. घडीच्या क्रेटला तळ, लांब बाजू आणि आखूड बाजू अशा किमान तीन डाय लागतात. साध्या क्रेटची डाय 15 लाखांना झाली आणि तुम्हाला 500 क्रेट हवे असले, तर नुसत्या डायचाच बोजा नगामागे 3,000 रुपये. 20,000 क्रेट काढले तर 75 रुपये. म्हणजे हजारोंच्या खाली मागणी असेल, तर डायचा विचार सोडून द्यावा.

पर्याय आहे. तयार 600×400 चा क्रेट घ्या आणि आत सनपॅकचे सरकते आडवे-उभे कप्पे बसवा. खाचा पाडलेल्या चार-पाच पट्ट्यांचा संच 80 ते 150 रुपयांत होतो आणि कप्पा हवा तेवढा रुंद-अरुंद करता येतो. पूर्ण सनपॅकचा खोकाच वेगळ्या मापात हवा असेल, तर पंचिंगची पात्याची डाय साधारण 8 ते 15 हजारांत होते, आणि पन्नास-शंभर नगांपर्यंत तीही न करता हाताने कापून घेता येतं. आधी साध्या पुठ्ठ्यात एक नमुना स्वतः कापून आठवडाभर वापरा. हात कुठे अडतो, लेबल कुठे झाकलं जातं, पाकीट कुठे अडकतं, हे फुकटात कळतं.

नमुना तपासताना

घडीचा क्रेट घेण्याआधी दोन नमुने विकत घ्या आणि जाणत्या हमालाच्या हातात द्या. त्याला तो भरभर पन्नासेक वेळा उघडू-मिटू द्या. बिजागरीची खीळ बाहेर डोकावते का, कडीचा आवाज दर वेळी सारखा येतो का, ते पाहा. कडी अर्धवट बसली असेल, तर उचलताना बाजू आत पडते आणि बोटं सापडतात. यावर सवलत घेऊ नका, तो क्रेटच नाकारा.

नंतर भाराची परीक्षा. पाचची थप्पी लावायची असेल आणि प्रत्येकात 20 किलो माल, तर क्रेटचं वजन धरून सगळ्यात खालच्यावर सुमारे 88 किलो येतात. तेवढ्या वाळूच्या गोण्या रात्रभर ठेवा. सकाळी बाजू फुगली असेल किंवा कडी सहज सुटत नसेल, तर तो क्रेट पाचच्या थप्पीचा नाही. भरलेला क्रेट टेबलाच्या उंचीवरून कोपऱ्यावर एकदा पाडूनही पाहा. विक्रेता कुरकुरेल, पण दोन क्रेटचे पैसे तुम्ही दिलेले आहेत. सुट्या बिजागऱ्या आणि बाजू मिळतात का, केवढ्याला, हे बिलावर लिहून घ्या. बाजू सुटी मिळत नसेल, तर एक कडी तुटली की हजाराचा क्रेट भंगारात.

राहिलेलं थोडक्यात

प्लास्टिकच्या क्रेटवर 18 टक्के जीएसटी आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यांवरचा 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्क्यांवर आला. नेहमीची नोंदणी असेल तर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. तुलना करताना कंपोझिशनवाल्यांनी करासकटचा भाव धरावा.

फक्त दिवाळीपुरते क्रेट हवे असतील, तर भाड्याचा भाव काढा. पॅलेट आणि क्रेट भाड्याने देणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेत. दिवसाला 2 रुपये पडले असं धरलं, तर 45 दिवसांचे 90 रुपये होतात, तेवढ्यासाठी 550 चा क्रेट घेण्यात अर्थ नाही. हरवल्याचा दंड किती, ते मात्र आधी विचारा. वापरलेले क्रेटही निम्म्या भावात मिळतात. उन्हात पडून पांढुरके झालेले घेऊ नका, ते थोड्या भारालाच तडकतात. खाण्याचा माल असेल तर फूड ग्रेडचं प्रमाणपत्र मागा, आणि लाकडी चौकटी परदेशी जाणार असतील तर त्यावर उष्णतेच्या प्रक्रियेचा शिक्का हवा.

रोज चार-पाचशे ऑर्डरी काढणाऱ्या कपड्यांच्या गाळ्यासाठी मी खरेदी अशी करीन: एकात एक बसणारे 40 मोठे क्रेट, 650 प्रमाणे 26,000. 400×300 चे 60 छोटे, 250 प्रमाणे 15,000. बाहेर जाऊन परत येणाऱ्या मालासाठी घडीचे फक्त 20, त्यांचे 21,000. कुरिअरनिहाय वेगळं करायला 10 पिशवी-स्टँड, 9,000. बेरीज 71,000, कर धरून 83,780, आणि लेबल-टेम्पो मिळून 90,000 च्या आत. हंगामात कमी पडले तर पुठ्ठ्याचे खोके किंवा भाड्याचे क्रेट.

ऑर्डर गणपतीच्या आधी द्या. नवरात्रात कारखान्यांकडे रंगही मिळत नाहीत आणि तारीखही, आणि नमुना तपासायला तेव्हा तुमच्याकडेही वेळ नसतो.